आयटीआयचे नवे निदेशक आणि मुलांचे उपक्रम : बडोद्यातल्या संस्थांसाठी वर्षभराची आखणी

ऑगस्टच्या आसपास आयटीआयचं नवं सत्र सुरू होतं आणि त्याच सुमाराला एखाददुसरे नवे निदेशक रुजू होतात. गुजरातमध्ये त्यांना सुपरवायझर इन्स्ट्रक्टर म्हणतात, बोलताना नुसतं एसआय. तात्पुरते घेतलेले असतील तर प्रवासी एसआय. ते आले की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘साहेब नवीन आहेत ना, मग सांस्कृतिक समिती त्यांच्याकडे द्या.’’ लेथचा मेन स्विच कुठे आहे हे ज्यांना अजून माहीत नाही, ते साहेब माइक आणि मांडववाल्याच्या मागे धावू लागतात. मुलंही त्यांना ‘माइकवाले साहेब’ म्हणूनच ओळखू लागतात आणि वर्कशॉपमध्ये त्यांचा शब्द चालायला मग फार वेळ लागतो.

नव्या माणसाकडे मुलांचे उपक्रम द्यावेत, जरूर द्यावेत. पण तो उपक्रम त्यांच्या ट्रेडच्या कामातून निघालेला असावा आणि सोबत एक जुना माणूस असावा. मुलाला साहेबांचा हात कामावर चालताना दिसला की आदर मागावा लागत नाही. पुढची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी आहे. गोरवा, तरसालीसारख्या मोठ्या आयटीआयना ती जशीच्या तशी लागू पडेल. तालुक्याच्या छोट्या संस्थांनी आपल्या मापाने कापून घ्यावी.

पहिलं काम : चार्ज मोजून द्या, मोजून घ्या

उपक्रमांच्या लेखात डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे मशीन-हत्यारांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, कशाला, असं कुणाला वाटेल. पण नवा निदेशक बिचकतो तो इथेच. जुन्या एसआयची बदली झालेली, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर, आणि ‘सही करा, सगळं बरोबर आहे’ असा आग्रह. त्याने न मोजता सही केली की पुढे वर्षभर तो बारीक माप घ्यायचा एकही व्हर्नियर मुलांच्या हातात द्यायला तयार होत नाही. हरवलं तर आपल्या अंगावर येईल ही धास्ती असते. मग स्पर्धा नाही, प्रोजेक्ट नाही, हत्यारं कपाटात आणि मुलं फळ्यासमोर.

म्हणून फोरमन इन्स्ट्रक्टरनी (एसआयच्या वरचे अधिकारी) चार्जसाठी पूर्ण दोन दिवस मोकळे द्यावेत. डेड स्टॉकची एकेक वस्तू प्रत्यक्ष बघायची, मोडकी असेल तर रजिस्टरमध्ये तसा शेरा मारायचा, नसेल तर ‘नाही’ असं लिहायचं आणि दोघांनी सही करायची. कन्झ्युमेबलचं रजिस्टर वेगळं : हॅकसॉ ब्लेड, इलेक्ट्रोड, ड्रिल बिट यांची शिल्लक त्याच दिवशी जुळवून टाकावी. मोजायला दुसऱ्या वर्षाची दोन मुलं बरोबर घ्यावीत. कुठली कानस कुठल्या खणात आहे आणि कोणत्या मायक्रोमीटरची झीरो एरर किती आहे, हे त्यांना साहेबांपेक्षा जास्त ठाऊक असतं. नव्या साहेबांची विद्यार्थ्यांशी पहिली खरी ओळख इथे होते, भाषणाविना.

पहिला आठवडा : वर्कशॉप आणि एसटीचं वेळापत्रक

पहिल्या आठवड्यात नव्या निदेशकाला एकटं शिकवायला उभं करू नका. त्याने जुन्या एसआयबरोबर वर्कशॉपमध्ये थांबावं आणि काही गोष्टी स्वतःच्या हाताने करून पाहाव्यात. मेन स्विच बंद करून बघावा, प्रत्येक मशीनचं इमर्जन्सी बटण दाबून बघावं, अग्निशामक नळकांडं कोणत्या जातीचं आहे आणि त्याची मुदत कधी संपते ते वाचावं, प्रथमोपचाराची पेटी उघडून आत खरोखर काय उरलंय ते पाहावं. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो ट्रिप होतो का, हेही बघून घ्यावं.

त्याच आठवड्यात त्याने आपल्या बॅचची एक यादी करावी. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या एका युनिटमध्ये साधारण वीस मुलं असतात, म्हणजे काम अवघड नाही. नावापुढे तीन रकाने : गाव, येण्याचं साधन, परतीची शेवटची सोयीची गाडी. पादरा, डभोई, वाघोडिया, सावली, करजण इथून रोज येणारी मुलं खूप असतात आणि त्यांचा दिवस एसटीच्या पासवर बांधलेला असतो. संध्याकाळी ठेवलेल्या उपक्रमाला मुलं येत नाहीत म्हणून ‘मुलांना आवडच नाही’ असा शेरा मारणारे खूप भेटतात. आवड असते, पण बस सुटलेली असते. ही यादी हातात आली की नियम आपोआप ठरतो : उपक्रम प्रॅक्टिकलच्या तासांत किंवा शनिवारी सकाळी, संस्था सुटल्यावर कधीच नाही.

भाषेचंही याच आठवड्यात ठरवून टाकावं. जळगाव-धुळ्याकडून किंवा आपल्याच दांडिया बाजारातून आलेल्या मराठी निदेशकाला गुजराती समजतं, पण घाईत तोंडून मराठी किंवा हिंदी निघतं. सुरक्षेच्या सूचना मात्र गुजरातीतच द्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. ‘हात काढ’ हे समजायला मुलाला अर्धा क्षणही जास्त लागता कामा नये.

सोबतीचा जुना माणूस कोण?

सर्वांत ज्येष्ठ असेल तोच निवडावा असं नाही. चार-पाच वर्षं झालेला, शक्यतो शेजारच्या ट्रेडचा एसआय उत्तम. त्याच्याकडे अधिकार नकोत, अहवाल लिहिण्याचं कामही नको, नाहीतर नवा माणूस मोकळेपणाने विचारणार नाही. आठवड्यातून एकदा चहाच्या वेळी दोघांनी बसावं. प्राचार्यांनी तेवढा वेळ दोघांच्याही वेळापत्रकात मोकळा ठेवावा, कारण लिहून ठेवला नाही तर तो कधीच मिळत नाही.

बडोद्याचं पंचांग पुढ्यात ठेवा

वर्षाचा तक्ता करताना सरकारी दिनांक सगळ्यांना पाठ असतात : १५ जुलैचा जागतिक युवा कौशल्य दिन, १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती, ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्यांतला १५ जुलै परीक्षेच्या धामधुमीत येतो, तो छोटाच ठेवावा. १७ सप्टेंबरला मात्र वजन आहे, कारण २०२२ मध्ये आयटीआयच्या मुलांचा पहिला कौशल्य दीक्षांत समारंभ त्याच दिवशी झाला आणि पदवीधरांसारखा मान या मुलांच्या वाट्याला आला.

पण या शहराचं स्वतःचं एक पंचांग आहे आणि नवे निदेशक बाहेरचे असतील तर ते त्यांना कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

गणपतीत दुसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रिशियन मुलांना आपापल्या भागातल्या मंडपांची वायरिंग बघायला न्यावं. हात लावायचा नाही. ते काम परवानाधारकाचं आहे. फक्त बघायचं आणि कागदावर टिपायचं : अर्थिंग आहे का, लोखंडी खांबाला वायर घासते का, जोड नुसत्या टेपवर आहेत का, एक्स्टेंशन बोर्ड पावसात पडलाय का. यादी मंडळाच्या कार्यकर्त्यांना आणि त्यांच्या वायरमनला नम्रपणे द्यावी. सत्र नुकतंच सुरू झालेलं असतं, म्हणून नव्या साहेबांनी इथे फक्त बरोबर जावं. बोलायचं काम जुन्यांनी करावं.

नवरात्रात वेगळीच काळजी. बडोद्याचा गरबा रात्री उशिरापर्यंत रंगतो आणि सकाळी लेथसमोर उभा असलेला मुलगा डोळे चोळत असतो. या नऊ दिवसांत पहिले दोन तास ड्रॉइंग किंवा थिअरी ठेवा, मशीन नंतर. आणखी एक बारीक गोष्ट : राखीपौर्णिमेपासून मनगटावर राखी असते, पुढे नाडाछडी, नवरात्रात आणखी एखादा धागा. ड्रिलच्या फिरत्या चकजवळ असा एक धागा पुरेसा आहे, तो बोट ओढून नेतो. ‘काढून फेक’ म्हटलं की मुलगा दुखावतो, लपवतो आणि बाहीच्या आत धागा तसाच ठेवून मशीनवर जातो. एक रीत मला फार पटते. टूल-क्रिबच्या, म्हणजे हत्यारं देण्या-घेण्याच्या खोलीच्या, खिडकीत विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली खिळ्यांची एक फळी लावायची, प्रत्येक खिळ्याला हजेरी क्रमांक द्यायचा. मशीनवर जाण्याआधी धागा, कडं, अंगठी आपापल्या खिळ्यावर, निघताना परत मनगटावर. ती फळी बनवणं हा पहिल्या वर्षाच्या फिटर मुलांचा पहिला सामूहिक जॉब होऊ शकतो.

माघ शुद्ध त्रयोदशीलाही तक्त्यात जागा द्या. गुजरातचे सुतार, लोहार समाज आपली विश्वकर्मा जयंती त्या दिवशी साजरी करतात. १७ सप्टेंबरला भाषणं होऊ द्यावीत, पण माघात शहरातल्या एखाद्या जुन्या लोहाराला किंवा सुताराला संस्थेत बोलावून काम करायला सांगावं. ऐरणीवर तापलेलं पोलाद रंगावरून ओळखणारा माणूस हीट ट्रीटमेंटचा धडा असा शिकवतो की पुस्तकाची पानं उलटावी लागत नाहीत.

पहिला उपक्रम : एक ड्रॉइंग, सहा तास

नव्या निदेशकाने स्वतः पेलायचा पहिला उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, आपल्याच वर्कशॉपमधली कौशल्य स्पर्धा. इंडिया-स्किल्स या देशपातळीवरच्या कौशल्य स्पर्धेच्या धर्तीवर घ्यायची : सगळ्यांना एकच ड्रॉइंग, सारखं मटेरियल, ठरलेला वेळ आणि प्रत्येक मापाला आधीच लिहून ठेवलेले गुण. फिटरसाठी चौकोनी नर-मादी फिट हा चांगला जॉब, दुसऱ्या वर्षाला डव्हटेल (तिरक्या खाचेचा जोड) द्यावा. जॉबवर नाव नाही, फक्त क्रमांक पंच करायचा. तपासायला दुसऱ्या ट्रेडचे एसआय किंवा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या कारखान्याचे क्वालिटीवाले. स्वतः नव्या साहेबांनी परीक्षक होऊ नये.

त्यांचं काम स्पर्धेनंतर सुरू होतं. प्रत्येक मुलाला त्याचा जॉब हातात देऊन शेजारी बसवायचं, व्हर्नियर त्यालाच धरायला लावायचा आणि विचारायचं, ‘‘इथे किती यायला हवं होतं? किती आलं? कुठे गेलं?’’ मुलगा ०.०२ मिलिमीटरच्या रेघांशी झगडतो, मग त्याला स्वतःलाच दिसतं की कानस शेवटच्या इंचात झुकली. एका मुलाला दहा मिनिटं पुरतात. वीस मुलांशी अशी दहा-दहा मिनिटं बोललेला निदेशक त्या वर्कशॉपमध्ये परका राहत नाही. बक्षीस समारंभ नाही झाला तरी चालेल, ही बैठक चुकवू नका.

यातून दोन-तीन मुलं वरच्या स्पर्धेसाठी निवडावीत. वर्ल्ड-स्किल्स ही जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी भरते, २०२४ मध्ये ती फ्रान्समधल्या लियोंला झाली. बहुतेक कौशल्यांना बावीस वर्षांची वयोमर्यादा असते, म्हणून पहिल्या वर्षीच हेरलेला मुलगा बरा.

उत्तरायणाची सळई : सगळ्या ट्रेडचं एक काम

वर्षातला एकच मोठा उपक्रम करायचा झाला तर मी हाच करीन. १४ जानेवारीच्या आगेमागे दुचाकीवाल्यांच्या गळ्याला पतंगाच्या दोऱ्याने इजा होते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो आकाशात दिसतोच आणि काचेचा साधा मांजाही कापतो. म्हणून बडोद्यात हँडलवर कमानीसारखी सळई लावायची पद्धत आहे. ती संस्थेत बनवून आपल्या मुलांच्या, स्टाफच्या आणि आसपासच्या वस्तीतल्या गाड्यांना मोफत बसवून द्यायची.

सुरुवात डिसेंबरच्या मध्यावर. पहिल्या दिवशी मुलांना पार्किंगमध्ये न्यावं आणि टेप हातात देऊन मापं घ्यायला लावावीत : दोन आरशांमधलं अंतर, चालकाच्या हेल्मेटची उंची, हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीपासून उरणारी जागा. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं निघतं. मग स्कूटर आणि मोटरसायकल असे दोन नमुने ठरवून ड्रॉइंग करायचं. सहा मिलिमीटरची एम. एस. (माइल्ड स्टील) गोल सळई चालते, एका गाडीला साधारण दोन मीटर. वजनाचं गणित मुलांनीच करावं : मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ०.२२ किलो, चाळीस गाड्यांना अठरा किलोच्या आसपास. वर दहा टक्के वाया जाणार म्हणून धरा आणि मागणीपत्र त्या आकड्यावर लिहा. अभ्यासक्रमातलं सूत्र पहिल्यांदाच कुणाच्या तरी खिशाशी जोडलं जातं.

पुढची वाटणी अशी. कमान थंड स्थितीतच वाकते, त्यासाठी जाड पाइपाच्या तुकड्यावर एक साचा फिटरच्या मुलांनी बनवावा, म्हणजे चाळिसाव्या सळईचा वाक पहिलीसारखाच येतो. दोन्ही टोकांना चपट्या पट्टीचा तुकडा, त्यात आरशाच्या बोल्टच्या मापाचं भोक. बहुतेक गाड्यांना आठ किंवा दहा मिलिमीटरचा बोल्ट असतो, पण मोजल्याशिवाय भोक पाडायचं नाही. पट्टी आरशाच्या नटाखाली बसते, गाडीला वेगळं भोक लागत नाही. पट्टी आणि सळईचा जोड वेल्डरच्या मुलांचा. जोड गार झाल्यावर हातोडीने ठोकून बघायचा, सुटला तर पुन्हा. सगळ्या कडा कानशीने मोडून घ्यायच्या, कारण दोऱ्यापासून वाचवणाऱ्या वस्तूनेच कुणाला कापलं तर फार वाईट. इलेक्ट्रिशियनच्या मुलांनी गाडीवाल्याला देण्यासाठी चार ओळींचं पत्रक लिहावं : तारेत अडकलेला पतंग सळईने किंवा लोखंडी काठीने काढू नये, ट्रान्सफॉर्मरजवळ दोरा ओढू नये. कोपाच्या (कॉम्प्युटर ट्रेडच्या) मुलांकडे गाड्यांची नोंद आणि दिलेल्या वेळा.

नव्या एसआयकडे यातला एकच टप्पा द्यावा, साचा आणि तपासणी. पहिला नमुना त्यांच्या स्वतःच्या गाडीवर आठवडाभर चालवावा. कंप आला, नट सैल झाला, समोरचं दिसायला अडथळा झाला, तर ड्रॉइंग बदलायचं. बसवताना दर गाडीमागे तीन गोष्टी मुलाने मोठ्याने म्हणून तपासायच्या : हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं, ब्रेक-क्लचला अडत नाही, आरसे जागेवर आहेत. आणि गाडी नेणाऱ्याला सांगायचं की हेल्मेट आणि गळ्याभोवती जाड रुमाल सळईबरोबर हवाच, सण झाला की सळई काढून ठेवायची.

ही मोहीम १२ जानेवारीपर्यंत संपवा. त्यानंतर बडोद्यात कुणी कामावर भेटत नाही.

कारखान्याची भेट, पण कामाची

कलाभवन या बडोद्याच्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेची आठवण इथे काढावीशी वाटते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताने ते सुरू झालं, आणि त्याच गज्जरांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेम्बिक हा औषधांचा कारखाना उभा केला. वर्ग आणि कारखाना यांच्यात या शहरात पहिल्यापासून भिंत नव्हती. आपल्या सहली मात्र गेटसमोरच्या फोटोत संपतात.

भेटीसाठी कारखान्याच्या एचआरला महिनाभर आधी पत्र द्या, नावांची यादी जोडा. पालकांची संमती घ्या. संस्थेच्या व्यवस्थापन समितीत उद्योगाचे प्रतिनिधी असतात, परवानगी त्यांच्या ओळखीने लवकर मिळते. सेफ्टी शूज नसलेल्या मुलाला आत घेत नाहीत, ते आधीच बघा. मुली बरोबर असतील तर एक बेन (महिला निदेशक) सोबत हव्यात आणि आत स्वच्छतागृह कुठे आहे हे पत्रातच विचारून ठेवावं. हा प्रश्न तिथे पोचल्यावर विचारला की मुली पुढच्या वेळी येत नाहीत.

प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर एकच प्रश्न. कूलंट परत टाकीत कसं येतं? पहिला पीस कोण पास करतो? शिफ्ट बदलताना मशीन कोणाला कसं सोपवतात? परत आल्यावर ज्याचा त्याने फळ्यावर स्केच काढून सांगायचं. चिठ्ठ्या लिहिण्यासाठी नव्या एसआयने आठवडाभर आधी त्या शॉपफ्लोअरवर एकट्याने फेरी मारून यावी. यानिमित्ताने त्यांची तिथल्या सुपरवायझरशी ओळख होते आणि पुढे अप्रेंटिसशिपसाठी मुलं पाठवताना तीच ओळख उपयोगी पडते. आधीच्या बॅचचं कुणी तिथे अप्रेंटिस असेल तर त्याला दहा मिनिटं बोलायला मिळावं : नाइट शिफ्ट, कँटीन, स्टायपेंड हातात कधी पडतो. मुलांना हेच ऐकायचं असतं.

वेल्डर, कोपा हे ट्रेड एका वर्षाचे आहेत. त्यांची भेट फेब्रुवारीच्या आत उरकावी, नंतर मुलं परीक्षेच्या मागे असतात.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये प्राचार्य, सोबतीचे एसआय आणि नवे निदेशक यांनी तासभर बसावं. विचारायचे प्रश्न साधे : कोणत्या उपक्रमात सगळी वीस मुलं आली, कोणत्यात सातच, आणि ती सात कोण? कुठल्या मुलाचं नाव एकदाही निघालं नाही? असं नाव हमखास असतं, आणि पुढच्या वर्षी टूल-क्रिबची पहिली पाळी त्यालाच द्यावी.

मग एक फाइल करावी. त्यात सळईची दोन्ही ड्रॉइंग, साच्याचं माप, स्पर्धेचं ड्रॉइंग आणि गुणपत्रक, कारखान्याला लिहिलेल्या पत्राची प्रत, संमतीपत्राचा नमुना, गावं आणि बसची यादी, आणि प्रत्येक उपक्रमाला लागलेलं साहित्य. साचा डेड स्टॉकला चढवून त्याला क्रमांक द्या, नाहीतर तो सुट्टीत भंगारात जाईल. उरलेली सळई कन्झ्युमेबलमध्ये परत जमा करा आणि पुढच्या डिसेंबरची मागणी याच महिन्यात लिहून ठेवा. खरेदीचा कागद फिरायला वेळ लागतो. फाइल टूल-क्रिबमध्ये ठेवावी, ऑफिसच्या कपाटात नको. ऑगस्टमध्ये पुढचे नवे एसआय आले की चार्ज मोजायला बसतानाच ती त्यांच्या हातात द्यावी, आणि त्यांच्या सोबतीला यंदाचे नवे निदेशक नेमावेत.